ठराव झाला, तळे अजून दूर आहे! पाळी, सार्वजनिक जागा आणि आपली तीन शहरे

मे 2023. उल्हासनगरमध्ये 12 वर्षांच्या एका मुलीचा तिच्या सख्ख्या भावाने मारहाण करून जीव घेतला. तिच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले आणि तिचे कुणाशी तरी संबंध आहेत असा संशय त्याने घेतला. ती तिची पहिली पाळी होती. आपल्याला काय झाले आहे हे त्या मुलीलाच माहीत नव्हते, मग भावाला ती काय सांगणार? भाऊ 30 वर्षांचा, लग्न झालेला. पाळी म्हणजे काय हे त्यालाही कळत नव्हते, किंवा कळून घ्यायचे नव्हते.

ऑगस्ट 2024. बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुरड्यांवर लैंगिक अत्याचार झाला. आरोपी शाळेतला पुरुष सफाई कर्मचारी आणि घटनेची जागा शाळेचे स्वच्छतागृह. 20 ऑगस्टला लोक रुळावर उतरले, बदलापूर स्थानकात तासन् तास लोकल बंद राहिल्या.

जुलै 2025. शहापूर तालुक्यातल्या एका खासगी शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग सापडले. ते कुणाचे हे शोधण्यासाठी पाचवी ते दहावीच्या मुलींना कपडे उतरवायला लावून तपासण्यात आले. मुख्याध्यापिका आणि महिला कर्मचाऱ्याला अटक झाली, पोक्सोखाली गुन्हा दाखल झाला.

तीन वर्षे, तीन घटना, जिल्हा एकच, ठाणे. पहिली घरात घडली, बाकीच्या दोन शाळेच्या स्वच्छतागृहात. दुसऱ्या घटनेचा पाळीशी संबंध नाही. तरीही आम्ही ती इथे मुद्दाम ठेवतो, कारण मुलींचे स्वच्छतागृह कुणाच्या ताब्यात आहे, तिथे कोण जाते, तिथे मदतीला बाई आहे की नाही, हा प्रश्न तिन्ही ठिकाणी तोच आहे. सार्वजनिक ठिकाणी सॅनिटरी पॅड मिळणे हा विषय निघाला की आपली तरुण मंडळी थोडी हसतात, थोडी मान खाली घालतात आणि "हा बायकांचा विषय" म्हणून पुढे सरकतात. उल्हासनगरची ती मुलगी याच शांततेने मारली आहे, असे आम्हाला वाटते.

न्यायालय शाळेच्या गेटपर्यंत आले

30 जानेवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जया ठाकूर यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. मासिक पाळीच्या काळातले आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने सांगितले. शाळा सरकारी असो वा खासगी, मुलींना मोफत पॅड द्यायचे, मुलींसाठी वेगळे, वापरता येण्याजोगे, पाणी असलेले स्वच्छतागृह द्यायचे, असे आदेश झाले.

निकालाचे स्वागत केलेच पाहिजे. पॅडचा प्रश्न दान, योजना, भाऊबीज या भाषेतून निघून हक्काच्या भाषेत आला. हीच बाबासाहेबांची भाषा आहे.

पण हा आदेश शाळेच्या गेटपाशी थांबतो. दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुलगी, बदलापूरहून पहाटेची लोकल पकडणारी नर्स, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पॅकिंगला जाणारी ताई, उल्हासनगर कॅम्प 5 मध्ये जीन्सचे धागे कापणारी मावशी, बाजारात भाजी विकणारी आजी, या सगळ्याजणी गेटच्या बाहेर उभ्या आहेत. आपल्या समाजातल्या बहुसंख्य बायका तिथेच आहेत.

शाळेबाहेरच्या बायकांसाठीही न्यायालयाचा आदेश आहे, आणि तो जुना आहे. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये निकाल दिला. बायकांना रस्त्यावर, बाजारात, वर्दळीच्या ठिकाणी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृह मिळणे हाही अनुच्छेद 21 चाच भाग आहे आणि ती महानगरपालिकांची जबाबदारी आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याआधी 2011 पासून मुंबईत 'राइट टू पी' ही मोहीम उभी राहिली होती. चेंबूरच्या वस्त्यांमधून वाढलेल्या 'कोरो' संस्थेच्या मुमताज शेख आणि त्यांच्यासारख्या कार्यकर्त्या त्यात पुढे होत्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, ही साधी गोष्ट त्यांनी मोजून, लिहून, पालिकेच्या टेबलावर ठेवली. वस्तीतल्या बायकांनी मोजमाप केले म्हणून व्यवस्था हलली. हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

महाडचा धडा

1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण होता, तरी तळ्याचे पाणी एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत आले नाही. त्यासाठी 20 मार्च 1927 उजाडावे लागले, बाबासाहेबांना हजारोंना घेऊन तळ्यापर्यंत चालत जावे लागले, आणि नंतर न्यायालयात लढून 1937 मध्ये तो हक्क पक्का करून घ्यावा लागला.

पॅडचे यंत्र आणि चवदार तळे यांची तुलना काहींना खटकेल. पण प्रश्न त्याच जातीचा आहे. सार्वजनिक वस्तू कागदावर सगळ्यांची असते, प्रत्यक्षात ती कुणाला वापरता येते? भिंतीवर यंत्र बसते, फीत कापली जाते, फोटो निघतो. महिन्याभराने पॅड संपतात, ते भरायचे कुणी हे कुठल्याच कंत्राटात लिहिलेले नसते. यंत्राला नाणे लागते आणि आज बाईच्या पर्समध्ये नाणेच नसते, कारण चहासुद्धा मोबाइलवरून होतो. कधी वायर काढलेली असते, तर कधी स्वच्छतागृहालाच कुलूप आणि चावी कुणा साहेबांकडे. आपल्या पट्ट्यातल्या एका सार्वजनिक इमारतीत आम्ही चौकशी केली, तर यंत्र "खराब होऊ नये म्हणून" आतल्या खोलीत ठेवल्याचे उत्तर मिळाले! ठराव झालेला आहे, तळे अजून दूर आहे.

तेरा तास

आपल्या तीन शहरांचा दिवस कसा जातो ते पाहू. 2011 च्या जनगणनेनुसार उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे 5 लाख 6 हजार, अंबरनाथची अडीच लाखांच्या वर, बदलापूरची पावणेदोन लाखांच्या आसपास. त्यानंतर बदलापूर-अंबरनाथ किती वाढले हे सकाळच्या लोकलची गर्दीच सांगते. अंबरनाथ सीएसएमटीपासून साधारण 60 किलोमीटर, बदलापूर 68. एका बाजूचा प्रवास दीड तासाच्या आसपास. सकाळी 7 ला घर सोडणारी बाई रात्री 8 ला परतते. झाले तेरा तास.

पॅड चार ते सहा तासांनी बदलावे असे डॉक्टर सांगतात. म्हणजे तेरा तासांत किमान दोनदा. लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नसते. म्हणजे स्थानक, कामाची जागा किंवा रस्त्यावरचे सार्वजनिक स्वच्छतागृह. तिथे पाणी, कडी, दिवा आणि कचऱ्याचा डबा या चार गोष्टी नसतील, तर पॅड पिशवीत असूनही उपयोग नाही. मग बायका काय करतात? पाणी पीत नाहीत, एकच पॅड दिवसभर ठेवतात, किंवा रजा टाकतात. रोजंदारीवर काम करणारीच्या रजेचा अर्थ त्या दिवसाची मजुरी बुडणे.

कारखाने अधिनियम 1948 नुसार पुरुष आणि स्त्रियांसाठी वेगळी शौचालये ठेवणे बंधनकारक होते. पण हा कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 आणि वीज नसलेल्या ठिकाणी 20 कामगारांपासून लागू व्हायचा. गाळ्यात सहा बाया, घरी बसून नगावर धागे कापणाऱ्या चार बाया, या कुठल्याच हिशेबात नव्हत्या. उल्हासनगरची बरीचशी अर्थव्यवस्था अशा गाळ्यांवर चालते. म्हणून आपल्याकडे 'कामाच्या ठिकाणी सोय' या मागणीइतकीच 'रस्त्यावर सोय' ही मागणी महत्त्वाची आहे. गाळ्यातल्या बाईचे स्वच्छतागृह म्हणजे बाजारातले सार्वजनिक स्वच्छतागृह.

योजनांच्या फटीत अडकलेली शहरे

पॅड स्वस्त व्हावेत यासाठी सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा पॅडवर 12 टक्के कर लावला होता. देशभर विरोध झाला आणि जुलै 2018 मध्ये तो काढला गेला. जनऔषधी केंद्रांत ऑगस्ट 2019 पासून 'सुविधा' पॅड एक रुपयाला एक मिळते. महाराष्ट्राने 8 मार्च 2018 रोजी 'अस्मिता' योजना सुरू केली, जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत. केंद्राच्या 2011 च्या योजनेत आशाताई सहा पॅड सहा रुपयांत देत.

आता यातली मेख पाहा. 'अस्मिता' ग्रामविकास विभागाची, म्हणजे गावांसाठी. आशाताईंची योजनाही मुळात ग्रामीण किशोरींसाठी. उल्हासनगर महानगरपालिका, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषदा. आपल्या वस्त्या कागदावर शहर आहेत. सुभाष टेकडीतली मुलगी 'शहरी' ठरते, म्हणून ग्रामीण योजना तिची नाही आणि शहरी सुबत्ताही तिची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) देशातल्या 15 ते 24 वयाच्या 77.3 टक्के स्त्रिया पाळीत आरोग्यदायी साधन वापरतात असे आढळले, शहरांत हे प्रमाण जवळपास 90 टक्के. हा आकडा दाखवून 'शहरात प्रश्न सुटला' असे म्हणता येते. पण साधन वापरणे वेगळे आणि ते दिवसभरात वेळेवर बदलता येणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीची मोजणी त्या आकड्यात नाही.

खर्चाचे म्हणाल तर हिशेब सोपा आहे. महिन्याला 20 ते 25 पॅड धरा. जनऔषधीच्या दराने एका मुलीमागे 25 रुपये. 500 मुली असतील तर महिन्याला साडेबारा हजार रुपये. एका स्वागत कमानीचा खर्च किती असतो, हे आपल्या नगरसेवकांना विचारून पाहा.

बाहेर काय चालले आहे? केरळमधल्या अलप्पुळा नगरपालिकेने 2019 मध्ये 5,000 मासिक पाळीचे कप मोफत वाटले, तेही समजावून सांगून. स्कॉटलंडने 2021 मध्ये कायदाच केला आणि 15 ऑगस्ट 2022 पासून तो लागू झाला. ज्याला गरज आहे त्याला पॅड मोफत मिळतील ही स्थानिक संस्थांची आणि शिक्षणसंस्थांची कायदेशीर जबाबदारी ठरली. असा कायदा करणारा तो जगातला पहिला देश. आपल्याला स्कॉटलंडची श्रीमंती नको, त्या कायद्यातले एक वाक्य हवे, की जबाबदारी कुणाची ते नावानिशी ठरवा.

भिक्खुणी संघाचे वस्त्र

आपल्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. पाळीच्या दिवसांसाठी सामायिक साधन ही कल्पना परदेशातून आलेली नाही. ती विनयपिटकात आहे.

भिक्खुणींना पाळी आल्यावर आसने आणि अंथरूण खराब होऊ लागले, तेव्हा भगवान बुद्धांनी त्यांना 'आवसथचीवर' वापरण्याची अनुज्ञा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा आत लावायची घडी, 'आणिचोळक', आणि ती जागेवर राहावी म्हणून बांधायला दोरी, अशी एकेक सोय वाढवली. अडचण समोर आली की उपाय, तो अपुरा पडला की पुढचा उपाय. पुढे भिक्खुणींच्या पाचित्तिय नियमांत आणखी एक गोष्ट येते. हे वस्त्र पाळी आलेल्या कुणाही भिक्खुणीने वापरावे म्हणून संघाला दिलेले होते. थुल्लनंदा नावाची भिक्खुणी ते सोडतच नव्हती, त्यामुळे इतरांना मिळेना. तेव्हा नियम झाला, आपले दिवस संपले की वस्त्र धुऊन पुढचीसाठी मोकळे करायचे.

या नियमात कुठेही विटाळ नाही. बाजूला बसवणे नाही, शिवू नका नाही. प्रश्न फक्त दोन, वस्तू आहे का आणि ती सगळ्यांपर्यंत पोचते का? आजच्या भाषेत सांगायचे तर उपलब्धता आणि समान वाटप.

मग आपल्या घरात काय चालते? 22 प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आजही "तिला कावळा शिवलाय" असे कुजबुजत सांगितले जाते. पॅडचे पाकीट काळ्या पिशवीत येते. मुलगी पाळीत असली की विहारात वंदनेला जाऊ का, असे आईला विचारते, आणि आई क्षणभर थांबते. तो क्षणभराचा विराम म्हणजे मनुस्मृतीची उरलेली राख आहे. ती आपणच झटकली पाहिजे.

टाकलेले पॅड कुणाच्या हातात जाते?

या विषयावर शहरी मध्यमवर्गात बरेच बोलले जाते, पण ते पॅड हातात येईपर्यंतचे. वापरून झाल्यावर ते कुठे जाते, यावर शांतता असते. ते जाते सफाई कामगाराच्या हातात, कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात. आणि हे हात कुणाचे आहेत ते आपल्याला सांगायला नको. बौद्ध, मातंग, वाल्मिकी, मेघवाळ. बहुतेक वेळा हातमोज्यांशिवाय.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये दोन गोष्टी स्पष्ट होत्या. पॅड बनवणाऱ्या कंपनीने विल्हेवाटीसाठी पाकिटासोबत वेष्टन द्यायचे, आणि वापरणाऱ्याने पॅड नीट गुंडाळून टाकायचे. 2026 च्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, असे चार भाग वेगळे करायचे आहेत. म्हणजे सॅनिटरी कचऱ्याचा वेगळा डबा ही आता कायद्याची गोष्ट आहे. म्हणून आमची भूमिका स्पष्ट आहे. पॅडचे यंत्र आणि झाकणाचा वेगळा डबा एकत्रच आले पाहिजेत. डबा नसलेले यंत्र म्हणजे एका बहिणीची सोय आणि दुसऱ्या बहिणीच्या हाताला घाण. सफाई कामगाराला हातमोजे, नियमित वेतन आणि तपासणी मिळाल्याशिवाय ही मागणी पूर्ण झाली असे आपण मानता कामा नये. ज्यांना परवडते आणि जमते त्यांनी कप किंवा धुऊन वापरायच्या कापडी पॅडचा विचार जरूर करावा, पण पाण्याचा नळ दिवसाआड येणाऱ्या वस्तीवर तो उपदेश म्हणून लादू नये.

आता काय करायचे?

अंबरनाथ आणि बदलापुरात 2020 पासून, उल्हासनगरात 2022 पासून लोकनियुक्त सभागृह नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. डिसेंबर 2025 आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकांनंतर तिन्ही ठिकाणी पुन्हा लोकप्रतिनिधी आले. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मतदारांनी नगराध्यक्षपदी महिलांना निवडून दिले. आता 'प्रशासक ऐकत नाहीत' ही सबब उरलेली नाही. स्थानिक संस्थांनी 5 टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवायचा असतो. तो शिलाई मशीन आणि मेळाव्यांवरच संपायला हवा असे कुठेही लिहिलेले नाही.

पहिले काम, मोजा. प्रत्येक वस्तीतल्या दोन-तीन तरुणींनी आणि तरुणांनी आपल्या भागातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांची यादी करावी. पाणी, कडी, दिवा, डबा, पॅड, महिला कर्मचारी. सहा रकाने, हो किंवा नाही. सोबत तारीख आणि वेळ. स्त्रियांच्या स्वच्छतागृहात जाऊन पाहणी मुलींनीच करायची, मुलांनी तक्ते बनवायचे आणि अर्ज लिहायचे.

दुसरे, माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पाच वर्षांत किती यंत्रे घेतली, किती रुपयांना, आज चालू किती, पॅड भरण्याची जबाबदारी कुणाची, महिला व बालकल्याण निधीतून यासाठी किती खर्च झाला? रेल्वेसाठी अर्ज वेगळा, तो मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाकडे.

तिसरे, शाळा. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची मराठी माहिती छापून प्रत्येक शाळेच्या मुख्याध्यापकांना द्या आणि पोच घ्या. मुलींसोबत मुलांच्याही वर्गात पाळीची माहिती दिली जावी, ही मागणी त्यातच करा. उल्हासनगरच्या त्या भावाला कुणी शाळेत दहा मिनिटे हे शिकवले असते तर, हा प्रश्न आम्हाला झोपू देत नाही.

चौथे, आणि इथे आपल्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. प्रत्येक विहारात एक डबा ठेवा. जनऔषधी केंद्रातून पॅड आणा, ज्याला जमेल त्याने भर घालावी, जिला लागेल तिने न विचारता घ्यावे. हे आपले आजचे आवसथचीवर. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत, 6 डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्या आपल्या जथ्यात, पाण्याच्या आणि अन्नदानाच्या मंडपात पाण्याच्या बाटलीशेजारी पॅडचे पाकीट उघड्यावर असू द्या. काळी पिशवी नको.

मात्र विहारातला डबा हा पालिकेच्या जबाबदारीला पर्याय नाही. 1928 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मांडले होते की बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलायला हवा. बाईच्या शरीराचा खर्च बाईने एकटीने सोसायचा नसतो, हा विचार आपल्या चळवळीत जवळपास शंभर वर्षांपासून आहे.

जुलै 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती तिथल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप दिले. ते वाक्य आपण दरवर्षी फलकावर लिहितो. या वर्षी त्या फलकाशेजारी आपल्या शहरातल्या स्वच्छतागृहांचा तक्ता लावू. हो किती, नाही किती. मग नगरपालिकेच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!